फुफाट्यातली सडक

आमचे आप्पा जेवायला बसले की पहिला घास मोडायच्या आधी त्या दिवशीची स्वतःची एक चूक सांगायचे. ते फौजेत ड्रायव्हर होते. पेन्शन घेऊन गावी आल्यावर सांगलीच्या एका जैन व्यापाऱ्याच्या ट्रकवर लागले. या व्यापाऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. आमचं गाव वडूजच्या बाजूचं, माळरानाचं. इथून कांदा-बटाटा भरायचा, मायणी, विटा, तासगाव करत सांगलीच्या पेठेत उतरवायचा आणि येताना गूळ, मीठ, पेंड असलं काहीबाही घेऊन यायचं, हा आप्पांचा धंदा. चुलीपुढं आई भाकरी थापत असायची, तिच्या बांगड्यांचा आणि पिठाच्या हाताचा एक ठेका चाललेला असायचा, आणि आप्पा मांडी घालून म्हणायचे, "आज तासगावच्या अलीकडं बिडी पेटवाय मान खाली घातली. वर बघतोय तर शेळी. शेळी गेली म्हणून मी गाडी सोडली, तर तिच्या मागनं पोरगी. शेळीमागं पोरगी असतीच, हे ध्यानात न्हाई आलं." एवढं सांगून झालं की मगच भाकरीला हात लावायचे. ही शेळीची चूक सांगितली त्या दिवसापासून त्यांनी गाडीवर बिडी ओढली नाही.

ही रीत त्यांनी फौजेतून आणली होती. डोंगरातल्या रस्त्यावर गाड्यांचा ताफा मुक्कामाला थांबला की त्यांचे उस्ताद सगळ्या ड्रायव्हरांना गोळा करून विचारायचे, आज कोण कुठं चुकलं? सांगणाऱ्याला शिक्षा नसे. आप्पा म्हणायचे, "ठोकर बसली तर सगळ्या मुलखाला कळतंय. थोडक्यात चुकली तर ती आपल्या एकट्यालाच ठावं असती. मग ती सांगाय नको का?" माझा दादा, सदाशिव, तेव्हा त्यांच्याच ट्रकवर क्लीनर होता. त्यालाही आप्पा रोज विचारायचे. दादाचं उत्तर ठरलेलं असे, "काय न्हाई झालं." आप्पा त्याच्याकडं जरा वेळ बघायचे आणि वाटीतलं कोरड्यास भाकरीवर ओतायचे.

दादा दिसायला उमदा होता. उंच, सावळा, केसांना तेल चापून लावलेलं. त्याला लायसन मिळालं तेव्हा आईनं ट्रकला औक्षण केलं होतं आणि मी हट्टानं केबिनमध्ये बसून औंधच्या यमाईपर्यंत जाऊन आले होते. तो गाडी छान चालवायचा, हे मला आजही सांगितलं पाहिजे. त्याचे हात हलके होते. चढाला गिअर टाकायचा तर कळायचंही नाही. आप्पांच्या हातात गाडी म्हाताऱ्या बैलासारखी चालायची आणि दादाच्या हातात ती धावायची. सगळे कौतुक करायचे. आप्पाही करायचे, पण त्याच्या माघारी.

मग दुष्काळ पडला. त्याच्याबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहून ठेवलंय. मला आठवते ती रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी. ती थापली की कडेनं चिरायची, आणि गार झाली की खापरासारखी व्हायची. विहिरीत घागर टाकली की दगडाचा आवाज यायचा. गोठ्यातली जनावरं छावणीला नेली होती, त्यामुळं पहाटे घंटांचा आवाज बंद झाला होता आणि आईला त्या शांततेनं जाग यायची. शाळा सोडून मी आईबरोबर सडकेच्या कामाला जाऊ लागले. आमच्याच गावावरून वडूजकडं जाणारी ती सडक. पुरुष मुरूम खणायचे, बाया खडी फोडायच्या. सडकेच्या दोन्ही अंगांना खडीचे ढीग आणि ढिगाला टेकून बाया. दिवसभर हातोड्यांचा आवाज. मधल्या सुट्टीत मुकादम सुकडी वाटायचा, ती पाण्यात कालवून खायची. सडकेवर घोट्याएवढा फुफाटा झाला होता. एखादी गाडी गेली की तिच्या मागं तो उठायचा आणि बराच वेळ खाली बसायचा नाही. त्या वेळात आम्ही डोळे मिटून, पदर तोंडावर ओढून नुसतं बसून राहायचो.

तिथंच हौसामावशी आईच्या शेजारी बसायची. ती आमच्या गावाच्या पलीकडच्या वस्तीवरची. नवरा दत्तोबा फौजेत, लांब सरहद्दीवर. घरी सासू आणि मंगल नावाची तान्ही लेक. मंगलला ती कामावर घेऊन यायची आणि जवळच्या बाभळीला झोळी बांधून तिच्यात निजवायची. हौसामावशीला हसायला काहीही पुरायचं. हातोडी बोटावर बसली तरी ती आधी "आई गं" म्हणायची आणि मग हसायची. डोक्यावर ओलं फडकं ठेवून ती खडी फोडत असायची, आणि दादाच्या ट्रकचा हॉर्न लांबून आला की सगळ्यांआधी तिलाच ऐकू यायचा. कांदा-बटाटा पिकलाच नव्हता, म्हणून आप्पांचा ट्रक घेऊन दादा तेव्हा छावण्यांना कडबा पोचवत होता. "आली गं तुझ्या ल्योकाची वावटळ," असं ती आईला म्हणायची, "पदर घ्या बायांनो!" आम्हाला बघून दादा मुद्दाम दोनदा हॉर्न द्यायचा आणि खिडकीतून हात काढायचा. त्या रखरखीत दिवसातली तेवढीच काय ती गंमत होती. मला त्याचा अभिमान वाटायचा.

एका दुपारी त्याचा ट्रक आमच्या इतक्या जवळून गेला, की हौसामावशीपुढचं भरलेलं घमेलं उडालं आणि खडखडत पार खाली चरात गेलं. ती दचकून मागं सरकली. मग घमेल्याकडं बघून खदाखदा हसली आणि ट्रकच्या दिशेनं हात उगारून "थांब की रं मुडद्या" म्हणाली. सगळ्याच हसलो. त्या दिवशी जेवताना आप्पांनी विचारलं तेव्हा दादा नेहमीसारखा "काय न्हाई" म्हणाला. आई सहज बोलून गेली, "काय न्हाई कसं? हौसाचं घमेलं उडवलंस की." दादा हसला. "घमेलंच गेलं न्हवं? माणूस कुठं गेलं?"

आप्पांनी ताट बाजूला सारलं. त्यांनी आवाज चढवला नाही, ते कधीच चढवत नसत. "कसं झालं, सांग."

"पुढं एक गाडी हुती. तिचा धुरळा लय. तिला मागं टाकाय गेलो."

"धुरळ्यात?"

"मग काय तिच्या मागं खोकत बसू?"

"व्हय," आप्पा म्हणाले. "खोकत बसायचं. सदा, धुरळा म्हंजे भिंत हाय. भिंतीच्या पल्याड माणूस हाय का न्हाई ते तुला दिसत न्हाई, म्हणून ते नसतंय असं न्हाई." एवढं बोलून त्यांनी दादाकडून किल्ली मागून घेतली. दुसऱ्या दिवसापासून आप्पा स्वतः कडबा पोचवू लागले. दादा त्यांच्या शेजारी तोंड फुगवून बसायचा. सडकेच्या कामावर गाडी आली की आप्पा तिला पार माणसाच्या चालीवर आणायचे, बाया उठून बाजूला होईपर्यंत थांबायचे आणि मग हळूहळू पुढं काढायचे. हौसामावशी म्हणायची, "आवं, तुमच्या गाडीच्या फुडं आमी चालत जाऊ, तवर खडी फोडून व्हईल."

पुढं आप्पांना हिवताप आला. अंगावर घोंगडी टाकून ते थडथडत पडून असायचे. तिकडं छावणीत कडबा संपत आला. सांगलीहून अण्णांचा निरोप आला, गावचे दोघेजण येऊन उंबऱ्यात बसले, जनावरं हंबरतायत म्हणून सांगू लागले. त्यात आमचीही जनावरं होती. आप्पांनी दादाला जवळ बोलावलं. उशाखालून किल्ली काढून त्याच्या हातात दिली आणि त्याची मूठ स्वतःच्या दोन्ही हातांनी मिटवली. "सांगितलंय ते ध्यानात हाय न्हवं?" दादा म्हणाला, "हाय आप्पा." आणि त्याच्या ध्यानात होतं, असं मला आजही वाटतं. पहिले काही दिवस तो आम्हाला बघून खरंच हळू यायचा. हॉर्न द्यायचा, हात करायचा, पण हळू.

त्या दिवशी ऊन फार होतं. पुढून कुठलीशी गाडी गेली आणि फुफाटा उठला. आम्ही रोजच्यासारखे पदर तोंडावर घेतले. मला हॉर्न ऐकू आला. दादाचाच हॉर्न होता, तो नीट ओळखू यायचा. हौसामावशी पदराआडून काहीतरी बोलली. काय बोलली ते मला कळलं नाही, पण ती हसत होती. मग खडी सरकल्याचा मोठा आवाज झाला आणि कुणीतरी मला मागं ओढलं. ते ओढणं आईचं होतं. धुरळा खाली बसायला नेहमीइतकाच वेळ लागला. त्या वेळात कुणी ओरडलं नाही, कारण कुणाला काही दिसत नव्हतं. फक्त झोळीतली मंगल रडायला लागली होती. धुरळा विरळ झाला तेव्हा ट्रकचं पुढचं चाक हौसामावशीच्या ढिगावर चढलेलं दिसलं. ती ढिगाच्या पलीकडं पडली होती. तिचं ओलं फडकं अजून डोक्यावरच होतं.

दादा केबिनमधून उतरला. असं झालं की ड्रायव्हर पळतात, लोक मारतात म्हणून. तो पळाला नाही. दोन पावलं चालला आणि फुफाट्यात खाली बसला. कुणीतरी त्याला दगड मारला, तो खांद्याला लागला, त्यानं हातही वर केला नाही. आई आधी हौसामावशीकडं धावली. तिचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं, "हौसा, हौसा" करत राहिली. मग एकदम गप्प झाली. पदरानं तिचा चेहरा पुसला, ती उठली आणि आपल्या लेकाच्या पुढं जाऊन उभी राहिली, लोकांच्या आणि त्याच्या मध्ये. ती त्याच्याकडं वळली नाही. नुसती उभी राहिली. मी झोळीतून मंगलला काढून घेतलं. पोलीस येईपर्यंत ती माझ्या खांद्यावर झोपून गेली होती.

ज्या घरात माणूस गेलंय तिथं चूल पेटत नाही, शेजारपाजारच्या घरांतून भाकरी जाते. दुसऱ्या दिवशी आईनं पहाटे उठून भाकरी थापल्या. त्या दिवशी बांगड्यांचा आवाज नव्हता, तिनं त्या वर कोपरापाशी सरकवल्या होत्या. बुट्टी डोक्यावर घेऊन ती निघाली, मी तिच्या मागं. आप्पा तापातच उठून दारापर्यंत आले, पण तिला जाऊ नको म्हणाले नाहीत. वस्तीवर पोचलो तेव्हा बाया बाजूला सरल्या. हौसामावशीची सासू भिंतीला टेकून बसली होती. तिनं आईकडं पाहिलं, बुट्टीकडं पाहिलं.

"तुझ्या पोराच्या घरची भाकरी माज्या घशाखाली कशी उतरंल गं?" ती म्हणाली.

आईनं बुट्टी खाली ठेवली आणि तिथंच दारात बसली. किती वेळ बसली कोण जाणे. शेवटी म्हातारीच म्हणाली, "ठिव ती. पोरीला कुस्करून घालीन. तू जा आता."

सांगलीच्या माझ्या घरी आता नातवाची मोटार आहे. पुण्याहून येताना तो चारपदरी रस्त्यानं भरधाव येतो आणि दारात पाऊल टाकताच सांगतो, "आजी, आज थोडक्यात वाचलो." आणि हसतो. मी त्याला पाणी देते आणि म्हणते, बस, आणि पहिल्यापासून सांग. तो कंटाळतो. मला त्याचा राग येत नाही. वाचलेल्या माणसाला हसू येतं, हे मी पाहिलेलं आहे.

जामिनावर सुटून दादा घरी आला आणि कोपरा धरून बसला. अण्णांनी एक वकील दिला होता. तो घरी येऊन समजावून गेला. बाई एकाएकी आडवी आली एवढंच म्हणायचं, धुरळ्यात कुणाला काय दिसलं, साक्षीला कोण राहणार? वकील काही वाईट माणूस नव्हता. तरणं पोर आहे, सुटावं, असंच त्याला वाटत होतं. आईलाही तसंच वाटत होतं. वकील गेल्यावर आप्पा एवढंच म्हणाले, "किल्ली मी दिली हुती." मग पुढं कित्येक वर्षं ते मध्येच, भलत्याच बोलण्यात, हे वाक्य म्हणायचे.

तार पोचून, रजा मिळून दत्तोबा गावी आला तेव्हा हौसामावशीचं दिवसकार्य होऊन गेलेलं होतं. एका सकाळी तो आमच्या दारात उभा राहिला. फौजी बूट त्यानं बाहेर काढले आणि ते नीट जोडून ठेवले. आप्पा उठून उभे राहिले. मला वाटलं आता हा दादाला मारणार. आईलाही तसंच वाटलं असावं, कारण ती दादाच्या बाजूला सरकली. दत्तोबा घोंगड्यावर बसला. मी पाण्याचा तांब्या ठेवला, त्याकडं त्यानं बघितलं नाही.

"मी हितं न्हवतो," तो दादाला म्हणाला. "सगळी येगयेगळं सांगत्यात. कोण म्हणतं आडवी पळाली, कोण म्हणतं पाय अडकला. गाडीवर तू हुतास. तू सांग."

दादानं आप्पांकडं पाहिलं. आप्पा खाली बघत होते. मग दादा बोलायला लागला. इतक्या दिवसांत त्यानं आम्हाला एक शब्द सांगितला नव्हता. "ती आडवी आली न्हाई," तो म्हणाला. "ती जाग्यालाच बसली हुती. पुढं गाडी हुती, तिचा फुफाटा उठला. मी थांबलो हुतो. खरंच थांबलो हुतो. मग वाटलं, बसला आता धुरळा. बसला न्हवता. मी गाडी काढली. रस्ता दिसंना तवा ब्रेक माराय पायजे हुता, म्या चाक वळवलं. चुकीच्या अंगाला वळवलं." दत्तोबा वाट बघत होता. "आदीबी एकदा असंच झालं हुतं. तवा नुसतं घमेलं गेलं."

"कुणाचं?"

"तिचंच."

"मग ती काय म्हणाली?"

"हसली," दादा म्हणाला. "मला आरशात दिसली. हात उगारून हसत हुती."

त्यावर दत्तोबा रडला. एवढा वेळ ताठ बसलेला तो माणूस दोन्ही हात तोंडावर घेऊन गदगदून रडला. आम्ही कुणीच त्याच्याजवळ जाऊ शकलो नाही. मग त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि उठला. "मी काय माफी द्याया आलो न्हवतो," तो म्हणाला. "देणारबी न्हाई. पर पोरगी मोठी झाली की इचारंल. तवा मला खरं सांगाय यायला पायजे." आप्पा दारापर्यंत त्याच्याबरोबर गेले. दोघं फौजी उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना क्षणभर उभे राहिले. मग त्यानं बूट घातले आणि गेला.

वडूजच्या कोर्टात दादानं दत्तोबाला सांगितलं तेच सांगितलं. वकिलानं कपाळाला हात लावला. दादाला शिक्षा झाली आणि तो साताऱ्याला तुरुंगात गेला. आई त्याला भेटायला जायची तेव्हा दशम्या करून न्यायची. आत द्यायला परवानगी नसली की त्या तशाच परत आणायची आणि आम्ही कुणी त्या खात नसू. आप्पा बरे होऊन परत ट्रकवर गेले. त्या जागी आले की ते गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायचे, पुढं सडक डांबरी झाली, धुरळा राहिला नाही, तरीही. मागच्या गाड्या हॉर्न मारून जीव खायच्या.

दादा सुटून आला तेव्हा पाऊसपाणी झालेलं होतं, शेतं हिरवी होती. तो शेताकडं लागला. पण कुठल्याही गाडीत तो बसला नाही. एसटीत नाही, जीपमध्ये नाही, बैलगाडीतसुद्धा नाही. वडूजला चालत जायचा आणि चालत यायचा. त्याचं लग्न करायचा आईनं फार प्रयत्न केला. तो म्हणायचा, "राहू दे गं आता." मंगल मोठी होत होती. ती वस्तीवरून शाळेला निघाली की दादा शेतात काम थांबवायचा आणि ती ओढा ओलांडून पलीकडं जाईपर्यंत बांधावर उभा राहायचा. तिच्याशी तो कधी बोलला नाही.

माझं लग्न सांगलीचं जमलं. त्यांच्याच दारात लग्न करायचं ठरलं. वऱ्हाड आप्पांच्या ट्रकमधून जाणार होतं. आप्पा दादाला म्हणाले, "आरं, मी चालवतोय. माज्या शेजारी बस." दादा म्हणाला, "न्हाई आप्पा. तुमी या गाडीनं. मी आदी निघतो." आणि काही दिवस आधीच, खांद्यावर टॉवेल, त्यात बांधलेली भाकरी आणि हातात नवीन वहाणा घेऊन तो निघाला. वाटेत देवळांत मुक्काम करत, विटा, तासगाव, आप्पांचाच रस्ता धरून. आम्ही सांगलीत उतरलो तेव्हा तो मांडवाच्या दारात बसला होता. टाचा भेगाळल्या होत्या. आईनं परातीत पाणी घेऊन त्याचे पाय धुतले. माझ्या सासूबाईंनी विचारलं, "एसटी चुकली व्हय?" आप्पा म्हणाले, "त्याला चालायची आवड हाय."

संध्याकाळी वरात निघाली. फुलांनी सजवलेली जीप, आम्ही दोघं मागं बसलेलो, पुढं हलगी आणि घुमकं, आणि गल्लीभर नाचणारी पोरं. ड्रायव्हर हौशी होता, उगीच गाडी पुढं दामटायचा आणि पोरं किंचाळून मागं सरायची. त्यांना त्याची मजा वाटत होती. तेवढ्यात दादा कुठूनसा आला आणि जीपच्या पुढं चालू लागला. दोन्ही हात पसरून, एकेका पोराला खांद्याला धरून हळूच कडेला करत. कुणीतरी म्हणालं, "नवरीचा भाऊ न्हवं तुमी? बसा की गाडीत." त्यानं मान हलवली. पुढच्या वळणावर एक चिमुरडी खाली सांडलेली खारीक उचलायला चाकापुढं वाकली. ड्रायव्हर दुसरीकडं बघत होता. दादानं गर्रकन वळून जीपच्या बॉनेटवर पंजा टेकला. गाडी थांबली. हलगी वाजतच होती. त्यानं पोरीला उचललं, एका घराच्या ओट्यावर बसवलं, तिच्या मुठीतली खारीक पुसून तिला परत दिली. आप्पा गर्दीच्या कडेला उभे होते, ते त्याच्याकडं बघत होते. मी मुंडावळ्यांतून बघत होते. दादानं गल्लीच्या टोकापर्यंत एकदा नजर टाकली, रस्ता मोकळा आहे हे पाहिलं, ड्रायव्हरला हातानं खूण केली आणि पुन्हा माझ्या गाडीपुढं चालू लागला.